टाक्याचा ठसा

लखनौच्या चिकनकारीत सुईच्या आधी ठसा येतो. कुर्त्याचे कापड बेतून झाले की ते छपाईवाल्याकडे जाते. नीळ आणि डिंक यांच्या पातळ मिश्रणात तो लाकडी ठसा टेकवतो, कापडावर वेलबुट्टी उमटवतो, आणि मगच ते कापड भरणाऱ्या बायकांच्या हाती पडते. त्या निळ्या रेषांवरून सुई चालते, कधी आठवडे, कधी महिने. काम पुरे झाले की कापड धुवायला जाते आणि नीळ पाण्याबरोबर निघून जाते. उरतात ते टाके. बघणारा टाक्यांचे कौतुक करतो. वेल कुठे वळवायची हे ज्याने ठरवले त्या ठशाचा मागमूसही राहत नाही.

आपल्याकडे भरतकाम केलेल्या बायकांना याचाच घरगुती अवतार ठाऊक आहे. बटरपेपरवर नक्षी काढायची, रेषांवर सुईने जवळजवळ भोके पाडायची, कागद कापडावर पसरायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्याने वरून फिरवायची. कापड गडद असेल तर निळीऐवजी पांढरी पूड. कागद उचलला की खाली ठिपक्यांची नक्षी. एक कागद नीट सांभाळला तर अख्ख्या आळीच्या उशांच्या अभ्र्यांवर तेच मोर नाचत.

या पुस्तकात मी हा क्रम मोडला आहे. ठसा ठेवला आहे आणि सुईला रजा दिली आहे. खोडरबर, बटाटा, फोमशीट, सुतळी असल्या घरातल्या वस्तूंचे ठसे कापायचे, आणि त्यांनी भेटकार्डावर भरतकाम केल्यासारखे दिसेल असे छापायचे, एवढाच विषय. तो लहान आहे हे मला मान्य आहे. पण या लहान विषयात शिरले की टाका म्हणजे काय, तो कापडावर नेमका कसा बसतो, दोरा कुठे वर असतो आणि कुठे खाली जातो, हे जितके बारकाईने बघावे लागते तितके वर्षानुवर्षे सुई चालवणारेही बघत नाहीत. त्यांचा हात ते जाणतो, नजरेला वेगळे काम पडत नाही. ठसा कापणाऱ्याला मात्र हे सगळे डोळ्यांनीच शिकावे लागते.

‘म्हणजे खोटे भरतकाम!’ असे म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांच्यासाठी म्यूलूजची गोष्ट सांगते. भरतकामाचा दोरा म्हटला की डीएमसी हे नाव जगभर घेतले जाते. या घराण्याची सुरुवात 1746 साली झाली, ती दोऱ्यापासून नाही. जाँ-आन्री डॉलफस आणि त्याच्या दोन भागीदारांनी म्यूलूज गावात छापील सुती कापडाचा कारखाना काढला. भारतातून युरोपात जाणाऱ्या रंगीत कापडांचे तिकडे वेड लागले होते, आणि हे लोक लाकडी ठशांनी त्यांचीच नक्कल करत होते. फ्रान्सने आपल्या विणकरांच्या रक्षणासाठी असल्या कापडावर 1686 पासून बंदी घातली होती, ती 1759 पर्यंत टिकली. म्यूलूज त्या काळी फ्रान्सच्या हद्दीबाहेर होते, म्हणून तिथे हा धंदा फोफावला. दोऱ्याकडे हे घराणे वळले ते एकोणिसाव्या शतकात. 1886 मध्ये तेरेझ द दिलमाँ या बाईंचा सुईकामावरचा जाडजूड कोश निघाला आणि डीएमसीचे नाव घरोघरी पोहोचले. तेव्हा भरतकामाच्या सर्वांत प्रतिष्ठित नावामागेही ठशाने केलेली नक्कलच उभी आहे, आणि तीही आपल्या कापडाची.

भरतकाम स्वतः तरी कुठे सोवळे आहे? धारवाड-हुबळीकडच्या कसुतीतला नेगी टाका इतका हुबेहूब विणल्यासारखा दिसतो की इरकली लुगड्यावर तो मागावरच काढला असावा असे वाटते. चंब्याचे रुमाल पहाडी चित्रांवर बेतलेले. सुईने विणकामाची आणि कुंचल्याची नक्कल केली ती चालते, मग ठशाने सुईची केली तर बिघडले कुठे?

भेटकार्डावर खरोखरच भरतकाम का करू नये, हा प्रश्न मात्र रास्त आहे. करता येते, थोडेसे. अडचण कागदाच्या स्वभावाची आहे. कापडात सुई शिरते तेव्हा ताणा-बाण्याचे धागे बाजूला सरकतात आणि दोरा गेल्यावर त्याला बिलगतात. कागदाला सरकता येत नाही. त्याला पडलेले भोक कायमचे. भोके जवळ जवळ आली की पोस्टाच्या तिकिटांच्या पानासारखा तो नेमका त्या ओळीवर फाटायला तयार होतो. त्यामुळे कागदावर विरळ धावदोरा जमतो, पण पाकळी दाट भरायला गेले की पाकळीच सुटून हातात येते. यावर लोकांनी वाटा काढल्या आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये सम अंतरावर भोके पाडलेला जाड कागद विकत मिळे आणि त्यावर फुलीचे टाके घालून पुस्तकातल्या खुणा आणि सुभाषितांच्या चौकटी भरत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रेशमी जाळीवर भरलेली फुले आणि झेंडे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली पोस्टकार्डे अमाप खपली. आघाडीवरचे ब्रिटिश सैनिक ती घरी पाठवत. दोन्ही वाटा सुंदर आहेत, पण दोन्हींत एकेका कार्डाला वेळ लागतो. दिवाळीच्या आधी चाळीस घरांना कार्डे पाठवायची असतील तर ठशाला पर्याय नाही.

आता या पुस्तकाचे मुख्य सूत्र. ते मी सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे: ठसा टाक्याचा कापा, चित्राचा कापू नका.

बहुतेक जण मोराचा ठसा कापतात आणि त्याच्या अंगावर टाक्यांसारख्या रेघा ओढतात. तो पहिल्यांदा छान दिसतो. दुसऱ्यांदा छापला की तोच मोर, त्याच ठिकाणी तोच आखूड टाका, तीच चुकार रेघ. डोळा ते लगेच पकडतो आणि सांगतो की हे छापील आहे. भरतकाम असे होत नाही. चारपाच प्रकारचे टाके शेकडो वेळा, दर वेळी जरासे वेगळे पडतात, आणि त्यांतून मोर होतो. ठसाकामातही तेच करायचे. तांदळाच्या दाण्याएवढा एक ठसा कापला आणि तो ओळीने उमटवत गेले की धावदोरा झाला. दर खेपेला हात कणभर तिरका पडतो, रंग कधी दाट लागतो कधी फिका, आणि हे सगळे आपल्या फायद्याचे असते. शिवणाच्या तासाला बाई ज्या वाकड्या ओळीवरून रागावत, तीच ओळ इथे कामाला येते.

दाण्याचा आकारही विचारपूर्वक ठरवावा लागतो. टाका म्हणजे दोन टोके तुटलेली रेघ समजून सरळ कापला तर तो आगपेटीतल्या काडीसारखा पडून राहतो. खऱ्या टाक्याची दोन्ही टोके कापडात बुडतात, म्हणून ती निमुळती असतात, आणि मधला भाग वर उचललेला, म्हणून जरा फुगीर. दोऱ्याला पीळ असतो. दाणा जरा मोठा कापला असेल तर त्यावर सुईच्या टोकाने दोनतीन तिरपे ओरखडे काढले की पीळ दिसतो. भरतकामाच्या सुती दोऱ्याला तकाकी असते, कारण तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून ताणून काढलेला असतो. ती तकाकी दाखवायला दाण्याच्या अंगाला लांबीत एकच केसाएवढी चीर पुरते. ती चीर रंग धरत नाही, पांढरी राहते. बस.

साखळीचा टाका याहून गमतीचा. त्याची प्रत्येक कडी पाण्याच्या थेंबासारखी, एकीकडे टोकदार, दुसरीकडे गोल. पुढच्या कडीचे टोक मागच्या कडीच्या पोटातून बाहेर येते. थेंबाच्या आकाराचा पोकळ ठसा कापायचा आणि छापताना टोक आधीच्या गोलाईच्या आत ठेवायचे. एवढे पाळले की वेल हवी तशी वळवता येते. सुट्या कड्या एका मध्याभोवती फिरवल्या की लेझी डेझीचे फूल. गाठीच्या टाक्यासाठी तर काही विकत आणायलाच नको: पेन्सिलीच्या शेपटीला असलेला गोल रबर घ्यावा, त्यावर शंखासारखी एक चीर काढावी आणि फुलाच्या मध्यभागी टेकवत सुटावे.

फुलीचा टाका सोपा वाटतो आणि तिथेच परीक्षा होते. दसुतीवर फुल्या घातलेल्या कोणालाही विचारा, चांगल्या कामात सगळ्या फुल्यांचा वरचा दोरा एकाच दिशेला झुकलेला असतो. एक जरी उलटी पडली तरी ती खड्यासारखी टोचते. ठशात वरचा दोरा दाखवायचा तर तो अखंड ठेवायचा आणि खालच्या दोऱ्यावर छेदाच्या दोन्ही बाजूंना बारीक चीर द्यायची. आणि हे सगळे आरशातल्यासारखे उलटे कापायचे, कारण ठशावर उजवीकडे झुकलेला दोरा कागदावर डावीकडे झुकतो. एकाच कार्डावर दोन ठसे वापरणार असाल तर दोन्हींची दिशा जुळते का, हे आधी रद्दी कागदावर बघून घ्या. काजटाक्याचेही तसेच: काटकोनी छोटा ठसा, उलटा कापलेला, कार्डाच्या कडेने एकापुढे एक. कडा शिवून घेतल्यासारखी दिसते.

भरीव टाक्याच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. पाकळी किंवा पान सलग रंगवून त्यावर पांढऱ्या रेघा मारणे ही सोय झाली, टाका झाला नाही. भरीव पानात दोरे मधल्या शिरेकडे तिरके उतरतात, आणि शिरेच्या दोन बाजूंचे तिरकेपण एकमेकांविरुद्ध असते. पान उजळ-काळसर दिसते ते रंगाने नव्हे, या दिशेने. म्हणून अर्ध्या पानाचा ठसा वेगळा आणि दुसऱ्या अर्ध्याचा वेगळा कापावा, आणि बाहेरची कडा मुद्दाम किंचित दातेरी ठेवावी. काम वाढते, पण या एका प्रकाराला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

कसुती हा या सगळ्यात ठशासाठी सर्वांत उदार प्रकार. तिच्यात कापडावर आधी छापून घेत नाहीत, धागे मोजत जातात. गवंती आणि मुर्गी हे दोन टाके म्हणजे आडव्या, उभ्या आणि तिरक्या सरळ रेघा, बाकी काही नाही. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन सगळे या रेघांतून उभे राहते. तेव्हा चौकटीच्या कागदावर हिशेब मांडून एका रेघेच्या ठशाने अख्खे गोपुर छापता येते. फक्त एक गणित विसरू नका. चौकटीचा कर्ण तिच्या बाजूपेक्षा लांब असतो, जवळपास 1.4 पट. आडव्या-उभ्या रेघेचाच ठसा तिरका वापरला तर कोपरे जुळत नाहीत आणि गोपुराला फटी पडतात. त्यासाठी दुसरा, तेवढ्या पटीने लांब ठसा हवा. कसुती करणाऱ्या बायका दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून जी कसरत करतात, ती मात्र आपल्याला माफ आहे. कार्ड उलटून मागची बाजू तपासणारी सासू अजून जन्माला यायची आहे.

साहित्याबद्दल फार लिहीत नाही. शाळेतल्या ठसेकामात आपण सगळ्यांनी भेंडी आणि बटाटा वापरलेला असतो. भेंडीचा ठसा आयते फूल देतो, पण टाका देत नाही. बटाटा ओला आणि ठिसूळ, बारीक चीर त्यात धरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सुकून वाकडा होतो. मुलांबरोबर मोठे आकार छापायला तो उत्तम, बाकी त्याची भाजी करावी. खरा सोबती म्हणजे पांढरा, मऊ, कडक कोपऱ्यांचा खोडरबर. ब्लेडपेक्षा चित्रकलेच्या दुकानात मिळणारा लिनो कटर घ्या, त्यात व्ही आकाराचे सर्वांत बारीक पाते. कापताना पाते आत वळवू नका. उताराच्या भिंती ठेवा, म्हणजे टाक्याचा पाया रुंद राहतो आणि छापताना तो दुमडत नाही.

फोमशीटचा एक प्रकार मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण तो जादू वाटतो आणि तिथेच फसवतो. फोमच्या तुकड्यावर बटरपेपर ठेवून गरम इस्त्री काही क्षण टेकवायची आणि तो मऊ असतानाच खऱ्या भरतकामावर दाबून धरायचा. थंड झाला की आजीच्या रुमालावरचा एकेक टाका फोमवर उतरलेला असतो. पण उतरलेला असतो तो खड्डा म्हणून. दोरा उंच होता, तो फोममध्ये खोल गेला. अशा ठशाला रंग लावून छापले तर दोरे पांढरे आणि मधले कापड रंगीत येते, म्हणजे गडद खणावर पांढरे भरतकाम. ते हवे असेल तर याच्याइतका सुंदर ठसा नाही. पांढऱ्यावर रंगीत दोरा हवा असेल तर वाट दुसरी: लाकडाच्या ठोकळ्यावर जाड दोरा किंवा सुतळी टाक्यांच्या आकारात चिकटवायची आणि थेट त्या दोऱ्यालाच रंग लावायचा. दोरा स्वतःच उमटतो, पिळासकट.

कागदाच्या बाबतीत मला हातकागदाचा पक्षपात आहे आणि त्यामागे कारण आहे. पुण्याच्या हातकागद संस्थेत 1940 पासून कागद होतो तो सुती चिंध्यांच्या लगद्यातून. आपल्या कार्डाचा कागद असा असेल तर त्याच्या पोटात खरोखरच कापड असते, आणि ते दिसते: कडा दातेरी, पृष्ठभाग मांजरपाटासारखा किंचित खडबडीत. त्यावर टाका उमटला की तो वर चिकटवल्यासारखा वाटत नाही. गुळगुळीत आर्टपेपरवर हाच ठसा स्वच्छ पण निर्जीव येतो. हातकागदाची खोड अशी की तो पातळ शाई पितो आणि टाक्यांना मिशा फुटतात. म्हणून कचेरीतले जांभळे स्टॅम्पपॅड इथे कुचकामी. दाट रंग हवा. 1931 मध्ये दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे कापडावरचे रंग कुठेही मिळतात, ते चालतात. ठसा रंगात बुडवायचा नाही, चिरा भरतात. स्पंजच्या तुकड्याने वरवर टिपायचा. कार्डाखाली वर्तमानपत्राची जाडसर घडी ठेवली की खडबडीत कागदाच्या खळग्यांतही रंग पोहोचतो. आणि काम थांबले की ठसा लगेच धुवायचा. हा रंग एकदा वाळला की निघत नाही.

छापून वाळलेल्या प्रत्येक टाक्याच्या दोन्ही टोकांना सुईने नुसते टोचले तर भास दुप्पट होतो. फिक्या करड्या रंगात तोच ठसा आधी केसभर खाली छापून सावली पाडायची युक्तीही पुढे दिली आहे. टोचणे मला आवडते. सावलीचा मोह शक्य तर आवरावा. कार्ड कोणाला चकवण्यासाठी नसते, आणि पाहणाऱ्याला ‘हे छापले आहे तर!’ हे कळण्यातली गंमत सावलीने जाते.

भेटकार्डांच्या इतिहासात मी फार शिरलेले नाही. लंडनच्या हेन्री कोलने 1843 मध्ये नाताळासाठी कार्ड छापून घेतले, ते पहिले व्यापारी नाताळकार्ड मानतात. ते छापील होते, पण रंग त्यात हातानेच भरले होते, एवढे आपल्या कामाचे. आपल्याकडे दिवाळीची कार्डे घरात मोबाइल आल्यावर ओसरली. त्याबद्दल गळा काढण्याची मला इच्छा नाही. सगळ्यांना सगळे पाठवणे संपले हे बरेच झाले. आता ज्याला पाठवायचे त्यालाच पाठवतो.

तो ‘ज्याला’ कोण, हे कार्डावर यायला हवे, म्हणून शेवटचे प्रकरण नावे भरण्याचे आहे. अक्षरांचा ठसा कापायचा म्हणजे अक्षर उलटे काढणे आले, आणि उलटी देवनागरी भल्याभल्यांना रडवते. टाक्याच्या ठशाने ही कटकट मिटते. तांदळाच्या दाण्याला डावे-उजवे नसते. पेन्सिलीने नाव सुलटे, फिके लिहा आणि रेघेवरून दाणे टेकवत चला. रंग वाळल्यावर पेन्सिल खोडून टाका, म्हणजे इथेही लखनौच्या निळीसारखी आखणी निघून जाईल. शिरोरेघ शेवटी घ्या आणि अक्षरांपेक्षा थोड्या लांब दाण्याने घ्या, म्हणजे सगळी अक्षरे एका दोरीला टांगल्यासारखी नीट बसतात. प, म, न, ग यांच्या उभ्या दांड्या सहज होतात. इ, ह आणि झ यांच्या वळणांवर दाणे जवळ जवळ आणि बाहेरच्या बाजूला जरा पसरत ठेवावे लागतात. सर्वांत अवघड ळ. त्याच्या दोन्ही गाठी इतक्या लहान असतात की नेहमीच्या दाण्याने त्या बुजून जातात. त्याच्यासाठी निम्म्या लांबीचा एक धाकटा दाणा वेगळा कापून ठेवा. बाळासाहेब, मृणाल आणि कमळाबाई या तिघांचीही कार्डे एकाच दिवशी करायची असतील तर तो दोनदा लागेल, मृणालला नाही.